पैसे चुकीच्या खात्यात गेले? काय करावे, काय टाळावे

खातेक्रमांकातला एक आकडा चुकला, यादीतल्या दोन सारख्या नावांपैकी भलत्याच नावावर बोट पडले, किंवा मित्राच्या जुन्या मोबाइल नंबरवर पैसे पाठवले गेले. आता ते कोणा अनोळखी माणसाच्या खात्यात आहेत. अशा वेळी बहुतेकांना वाटते, बँकेने एक कळ दाबली की पैसे परत येतील. तसे होत नाही.

रक्कम दुसऱ्याच्या खात्यात जमा झाली की त्या खातेदाराच्या संमतीशिवाय किंवा कायदेशीर आदेशाशिवाय बँक तिला हात लावत नाही. कोणीतरी फोन करून ‘माझे पैसे चुकून गेले’ म्हणाले आणि बँकेने तुमच्या खात्यातून रक्कम काढून दिली, तर ते तुम्हाला तरी चालेल का? तुमचे संरक्षण करणारा हा नियम आता समोरच्याचे संरक्षण करतो. म्हणून पुढची सगळी धावपळ दोनच गोष्टींसाठी आहे. समोरच्याची संमती लवकर मिळवायची, आणि ती मिळाली नाही तर तिच्या जागी आदेश मिळवायचा.

१. आधी ठरवा, नेमके झाले काय

पैसे ‘गेले’ म्हणजे काय, याचे अनेक प्रकार आहेत आणि प्रत्येकाचा दरवाजा वेगळा आहे. चुकीचा दरवाजा ठोठावला की मोलाचा दिवस वाया जातो.

काय करावे

- तुमच्या खात्यातून पैसे कापले गेले, पण कोणाच्याच खात्यात जमा झाले नाहीत, तर तो फसलेला व्यवहार आहे. २० सप्टेंबर २०१९ च्या रिझर्व्ह बँकेच्या परिपत्रकानुसार यूपीआय आणि आयएमपीएसमधली अशी रक्कम व्यवहाराच्या दुसऱ्या दिवसापर्यंत आपोआप परत यायला हवी. त्यापुढच्या प्रत्येक दिवसासाठी १०० रुपये भरपाई ठरलेली आहे. आली नाही तर ती हक्काने मागा.
- तुम्ही टाकलेला खातेक्रमांक अस्तित्वातच नसेल किंवा ते खाते बंद झाले असेल, तर पैसे जमा होऊ शकत नाहीत आणि परत फिरतात. एनईएफटीत जमा न झालेली रक्कम बॅच संपल्यापासून दोन तासांत परत पाठवायची असते. आधी खात्याचा उतारा पाहा. कदाचित ती परत आलेलीही असेल.
- शाखेत भरलेल्या फॉर्मवर तुम्ही क्रमांक बरोबर लिहिला आणि कर्मचाऱ्याने संगणकात चुकीचा टाकला, तर चूक बँकेची आहे आणि ती निस्तरण्याची जबाबदारीही बँकेचीच. फॉर्मची शिक्का मारलेली पावती शोधून ठेवा.
- माणूस बरोबर, रक्कम चुकीची, असे दुकानात नेहमी घडते. ५०० च्या जागी ५,००० गेले असतील तर त्याच दिवशी दुकानात जाऊन व्यवहाराचा क्रमांक दाखवा. बँकेकडे जाण्याआधी हा प्रश्न गल्ल्यावरच सुटण्याची शक्यता जास्त असते.
- सरकारी योजनेचे पैसे अपेक्षित खात्यात आले नाहीत तर ते हरवले असे समजू नका. ‘लाडकी बहीण’सारख्या योजनांचे हप्ते तुमच्या आधारशी शेवटी जोडलेल्या बँकेत जातात. कोणती बँक जोडली आहे हे आधारच्या संकेतस्थळावर दिसते. पैसे बहुधा तुमच्याच एखाद्या विसरलेल्या खात्यात पडलेले असतात.

काय टाळावे

- चुकीला फसवणूक म्हणू नका. १९३० ही हेल्पलाइन आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टल फसवणुकीसाठी आहेत. स्वतःच्या हाताने चुकीचा नंबर टाकला आणि ‘लुबाडले’ अशी तक्रार केली, तर एखाद्या निरपराध माणसाचे खाते गोठू शकते आणि खोट्या तक्रारीचा जाब तुम्हाला द्यावा लागतो.
- उलट, कोणी फसवून पैसे घेतले असतील तर ‘चुकून गेले’ असे सांगू नका. तिथे तासाला किंमत आहे. लगेच १९३० वर फोन करा.

२. पहिला तास

काय करावे

- व्यवहाराचा पुरावा जपा. यूपीआय आणि आयएमपीएसमध्ये १२ अंकी संदर्भ क्रमांक असतो. एनईएफटीचा संदर्भ क्रमांक (यूटीआर) १६ अक्षरांचा आणि आरटीजीएसचा २२ अक्षरांचा असतो. तो क्रमांक, दिनांक, वेळ, रक्कम आणि पडद्यावर दिसलेले लाभार्थीचे नाव एका जागी लिहून ठेवा. पुढे प्रत्येक टेबलावर पहिला प्रश्न हाच येतो.
- बँकेच्या अधिकृत ग्राहक सेवा क्रमांकावर फोन करा. हा क्रमांक डेबिट कार्डाच्या मागे, पासबुकावर किंवा बँकेच्या ॲपमध्ये असतो. तक्रार नोंदवून तिचा क्रमांक घेतल्याशिवाय फोन ठेवू नका.
- यूपीआयने पाठवले असतील तर ज्या ॲपमधून पाठवले त्यातच तो व्यवहार उघडा आणि तक्रारीचा पर्याय निवडा. ‘चुकीच्या खात्यात पैसे गेले’ असे कारण तिथे मिळते. यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयच्या संकेतस्थळावरही तक्रारी नोंदवता येतात. टोल फ्री क्रमांक १८००१२०१७४० आहे.
- पैसे पुढच्या तारखेला पाठवायचे म्हणून लावून ठेवले असतील आणि ती तारीख आली नसेल तर सूचना लगेच रद्द करा. धनादेश चुकीच्या नावाने दिला असेल आणि वटला नसेल तर बँकेला तो थांबवण्याची सूचना द्या. हातातून सुटलेले पैसे थांबवता येतात असे हे दोनच मार्ग.

काय टाळावे

- ‘सोमवारी बघू’ म्हणू नका. एनईएफटी १६ डिसेंबर २०१९ पासून आणि आरटीजीएस १४ डिसेंबर २०२० पासून चोवीस तास चालते. पैसे रविवारी रात्रीही जमा होतात आणि रविवारी रात्रीच काढलेही जाऊ शकतात.
- ग्राहक सेवेचा नंबर गूगलवर शोधू नका. तिथे भामट्यांनी खोटे नंबर पेरलेले असतात. पैसे परत आणण्याच्या घाईत असलेला माणूस हेच त्यांचे ठरलेले सावज.
- ओटीपी, यूपीआय पिन, कार्डमागचे तीन आकडे कोणालाही सांगू नका. पडदा दाखवणारे कोणतेही ॲप टाकून घेऊ नका. पैसे मिळवण्यासाठी पिन कधीच टाकावा लागत नाही.
- चूक तपासायला त्याच नंबरवर पुन्हा पैसे पाठवू नका, आणि घाईत तीच रक्कम दुसऱ्यांदा योग्य खात्यातही पाठवू नका. आधी पहिले पैसे कुठे आहेत ते कळू द्या.

३. शाखेत लेखी अर्ज

फोनवरची तक्रार ही सुरुवात. हातात पुरावा हवा तर कागद हवा. तुमच्या बँकेचे काम लाभार्थीच्या बँकेला कळवण्याचे, त्या बँकेचे काम आपल्या खातेदाराशी संपर्क साधून संमती विचारण्याचे. दोन्ही खाती एकाच बँकेत असतील तर हा फेरा बराच लवकर पुरा होतो.

अर्जाचा नमुना:

*प्रति, शाखा व्यवस्थापक, … बँक, … शाखा.*

*विषय: चुकीच्या खात्यात जमा झालेली रक्कम परत मिळण्याबाबत.*

*महोदय/महोदया,*

*आपल्या शाखेत माझे बचत खाते क्रमांक … आहे. दिनांक … रोजी … वाजता मी या खात्यातून … (यूपीआय/आयएमपीएस/एनईएफटी/आरटीजीएस) द्वारे रुपये … पाठवले. संदर्भ क्रमांक …. ही रक्कम … या खात्यात जायची होती. क्रमांक टाकताना माझ्याकडून चूक झाल्याने ती … या खात्यात जमा झाली. त्या खातेदाराशी माझा कोणताही व्यवहार नाही व ही रक्कम मी त्यांना देणे लागत नाही.*

*तरी विनंती की, (१) लाभार्थी बँकेला ही बाब आजच कळवावी. (२) खातेदाराची संमती घेऊन रक्कम माझ्या खात्यात परत करण्याची कार्यवाही व्हावी. (३) निर्णय होईपर्यंत तेवढी रक्कम रोखून ठेवण्याची विनंती लाभार्थी बँकेला करावी. (४) केलेल्या कार्यवाहीची मला लेखी माहिती द्यावी.*

*सोबत: व्यवहाराची प्रत, खात्याचा उतारा, योग्य लाभार्थीचे तपशील, ओळखपत्र.*

काय करावे

- अर्ज दोन प्रतींत द्या. दुसऱ्या प्रतीवर शिक्का, सही आणि तारखेसह पोच घ्या. तोच मजकूर शाखेच्या ईमेलवरही पाठवा.
- ‘माझ्याकडून चूक झाली’ हे वाक्य अर्जात ठेवा. ते लिहायला जड जाते, पण त्यानेच अर्जाला दिशा मिळते. कायद्यात पैसे परत मिळण्याचा हक्क चुकीवरच उभा आहे.
- लाभार्थी बँकेची शाखा जवळ असेल तर तिथेही अर्जाची प्रत द्या. शाखा तुमच्या गावात असेल तर व्यवस्थापकाचा एक फोन अनेक ईमेलांच्या वरचढ ठरतो.
- एखादी लहान सहकारी बँक दुसऱ्या मोठ्या बँकेच्या आधाराने पैसे पाठवण्याच्या व्यवस्थेत सहभागी असते. तसे असेल तर अर्जात दोन्ही बँकांचा उल्लेख करा.

काय टाळावे

- लाभार्थीचे नाव, पत्ता, फोन मिळावा म्हणून काउंटरवर भांडू नका. खातेदाराची माहिती गुप्त ठेवणे हे बँकेचे कर्तव्य आहे. ती माहिती पोलिस किंवा न्यायालय मागू शकते.
- ‘नाव जुळत नव्हते, मग पैसे जमा कसे केले?’ या वादावर सगळी भिस्त ठेवू नका. रिझर्व्ह बँकेच्या १४ ऑक्टोबर २०१० च्या परिपत्रकानुसार रक्कम केवळ खातेक्रमांकावरून जमा केली जाते आणि क्रमांक बरोबर देण्याची जबाबदारी पाठवणाऱ्याची असते.
- समोरचे खाते बराच काळ वापरात नसेल तर हताश होऊ नका. दोन वर्षे खातेदाराने व्यवहार केला नाही की खाते निष्क्रिय ठरते. त्याला गाठायला वेळ लागतो, पण पैसे खर्चही होत नाहीत.

४. समोरच्याशी बोलताना

यूपीआयमध्ये पैसे मोबाइल नंबरवर गेले असतील तर समोरचा माणूस एका संदेशाच्या अंतरावर असतो. त्याच्या बाजूने विचार करा. अनोळखी नंबरावरून कोणीतरी पैसे मागते आहे, आणि वर्तमानपत्रांनी त्याला अशाच फोनपासून सावध राहायला शिकवले आहे. त्याचा संशय रास्त आहे, आणि तो दूर करण्याचे काम तुमचे आहे.

काय करावे

- संदेश छोटा आणि तपासता येईल असा लिहा. उदाहरणार्थ: ‘नमस्कार. आज सकाळी ११.२० वाजता माझ्याकडून आपल्या खात्यात चुकून ४,००० रुपये जमा झाले आहेत. संदर्भ क्रमांक …. मी माझ्या बँकेत तक्रार नोंदवली आहे, तिचा क्रमांक …. आपण आपल्या बँकेत खात्री करून घ्यावी. आपली बँक विचारेल तेव्हा संमती द्यावी, ही विनंती.’
- फोन उचलला जात नसेल तर त्याच यूपीआय आयडीवर एक रुपया पाठवून टिपेत ‘चुकून रक्कम आली, कृपया बँकेशी बोला’ असे लिहिता येते. एक रुपया गेला तरी निरोप पोहोचतो. हा उपाय फक्त नंबर नक्की तोच आहे याची खात्री असतानाच करा.
- समोरच्याने परत देतो म्हटले तर पैसे ज्या खात्यातून गेले त्याच खात्यात मागवा, आणि आल्यावर बँकेला लेखी कळवून तक्रार बंद करा. आभाराचे दोन शब्दही पाठवा.

काय टाळावे

- धमकी देऊ नका. ‘पोलिसांत देतो’ हे पहिले वाक्य असेल तर प्रामाणिक माणूसही फोन बंद करतो.
- त्याचे नाव, नंबर, फोटो गावच्या किंवा सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका. त्याने अजून काही चुकीचे केलेले नाही. बदनामीची तक्रार मात्र तुमच्यावर येऊ शकते.
- त्याच्या घरी जमाव घेऊन जाऊ नका, आणि ‘पैसे मिळवून देतो, टक्के द्या’ म्हणणाऱ्या मध्यस्थाला थारा देऊ नका.

५. बँक हलत नसेल तर

काय करावे

- आठवड्याने शाखेत जाऊन पाठपुरावा करा आणि प्रत्येक भेटीची तारीख अर्जाच्या प्रतीवर नोंदवा. नंतर बँकेच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे जा. त्याचे नाव आणि पत्ता शाखेत लावलेला असतो, संकेतस्थळावरही मिळतो.
- लेखी तक्रारीला ३० दिवसांत उत्तर आले नाही, किंवा आलेले उत्तर पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करा. नोव्हेंबर २०२१ पासून बँकांसाठी एकच एकात्मिक लोकपाल व्यवस्था आहे. तक्रार रिझर्व्ह बँकेच्या सीएमएस पोर्टलवर करता येते. चौकशीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे. फी नाही, वकिलाची गरज नाही.
- खाते पतसंस्थेत असेल तर मार्ग वेगळा. पतसंस्था रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाखाली येत नाहीत. त्या महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० खाली नोंदलेल्या असतात. तक्रार सहकार खात्याच्या उपनिबंधकांकडे किंवा सहायक निबंधकांकडे द्यावी लागते.

काय टाळावे

- बँकेला लेखी न कळवता थेट लोकपालाकडे जाऊ नका. अशी तक्रार दारातच परत येते.
- लोकपालाकडून भलती अपेक्षा ठेवू नका. बँकेने अर्जच पुढे पाठवला नाही, उत्तर दिले नाही, तर लोकपाल बँकेला जाब विचारतो. ज्याच्या खात्यात पैसे गेले त्या माणसाला तो आदेश देत नाही.
- ग्राहक आयोगाबद्दलही हीच गफलत होते. बँकेच्या सेवेत त्रुटी असेल तर तिथे जाता येते. पैसे मिळालेला अनोळखी माणूस मात्र तुम्हाला कोणतीही सेवा देत नव्हता, त्याच्याविरुद्ध तिथे दाद मिळत नाही.

६. समोरचा ‘देत नाही’ म्हणाला तर

आता संमतीची वाट संपली, आदेशाची सुरू झाली. इथे कायदा स्पष्टपणे तुमच्या बाजूने आहे. भारतीय करार अधिनियम १८७२ चे कलम ७२ सांगते की, ज्याला चुकीने पैसे दिले गेले त्याने ते परत केलेच पाहिजेत. तुमच्या दोघांत कोणताही करार नसला तरी ही जबाबदारी येते. ‘मी मागितले नव्हते, तुम्हीच पाठवले’ हा बचाव टिकत नाही.

काय करावे

- वकिलामार्फत कायदेशीर नोटीस द्या. पत्ता माहीत असेल तर स्पीड पोस्टाने, पोच मिळेल अशा पद्धतीने पाठवा. रक्कम, तारीख, संदर्भ क्रमांक, कलम ७२ आणि परतफेडीची मुदत एवढेच त्यात असावे. पुष्कळ प्रकरणे इथेच मिटतात.
- मागणी केल्यावरही पैसे जाणूनबुजून दडवले तर पोलिसांत तक्रार द्या. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१४ नुसार दुसऱ्याची मालमत्ता अप्रामाणिकपणे स्वतःसाठी वापरणे हा गुन्हा आहे. शिक्षा किमान सहा महिने, कमाल दोन वर्षे आणि दंड. पोलिस बहुधा ‘एनसी’, म्हणजे अदखलपात्र नोंद करतात. तिची प्रत जरूर घ्या, पुढे ती कामी येते.
- जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे दावा दाखल करण्याआधीच तडजोडीचा अर्ज करता येतो. प्रकरण लोकअदालतीत मिटले तर खर्चही वाचतो. महिलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत कायदेशीर मदत मिळते.
- शेवटचा मार्ग दिवाणी दाव्याचा. समोरच्याचे नाव-पत्ता माहीत नसेल तर बँकेला तो देण्याचा आदेश न्यायालयाकडून मागता येतो.

काय टाळावे

- मुदत विसरू नका. अशा वसुलीसाठी साधारण तीन वर्षांची मुदत असते. बँकेशी चाललेल्या पत्रव्यवहाराने ती थांबते असे गृहीत धरू नका.
- हिशेब न करता दावा लावू नका. १,२०० रुपयांसाठी वकिलाची फी आणि तारखा परवडत नाहीत. लहान रकमेला नोटीस आणि लोकअदालत, मोठ्या रकमेला दावा, असे तारतम्य ठेवा.
- पोलिसांनी ‘हे दिवाणी आहे’ म्हटले की फाइल बंद करू नका. मागणीनंतर नकार दिल्याचा लेखी पुरावा हातात आला की प्रकरणाचा रंग बदलतो.

७. तुमच्या खात्यात कोणाचे पैसे आले तर

हा धडा उलट बाजूनेही तितकाच महत्त्वाचा आहे. २०२१ मध्ये पैठण तालुक्यातल्या एका शेतकऱ्याच्या जनधन खात्यात १५ लाख रुपये जमा झाले. सरकारनेच दिले असे समजून त्याने त्यातून सुमारे नऊ लाख काढून घर बांधले. ते पैसे प्रत्यक्षात एका ग्रामपंचायतीचे होते, आणि काही महिन्यांनी बँकेचे वसुलीचे पत्र आले. नोव्हेंबर २०२३ मध्ये युको बँकेच्या आयएमपीएस यंत्रणेतल्या बिघाडाने सुमारे ८२० कोटी रुपये भलत्याच खात्यांत जमा झाले. बँकेने खाती रोखून पहिल्या काही दिवसांत ६४९ कोटी, म्हणजे ७९ टक्के, परत मिळवले. उरलेल्या रकमेसाठी प्रकरण सीबीआयपर्यंत गेले. खात्यात दिसणारी रक्कम आपोआप आपली होत नाही.

काय करावे

- अनपेक्षित रक्कम आली तर आधी खात्याचा उतारा किंवा बँकेचे ॲप पाहा. फक्त एसएमएसवर विश्वास ठेवू नका, तो कोणीही पाठवू शकतो.
- रक्कम खरोखर आली असेल तर बँकेला लेखी कळवा: ‘ही रक्कम माझी नाही, ज्याची आहे त्याला परत करण्यास माझी संमती आहे.’ पोच जपून ठेवा. तुमचे काम तिथे पूर्ण झाले.
- पैसे तसेच राहू द्या. तुमच्या खात्यावर कर्जाचा हप्ता किंवा ओव्हरड्राफ्ट असेल तर तेही बँकेला सांगा, नाहीतर ती रक्कम तुमच्या थकबाकीत वळती होऊन गुंता वाढतो.

काय टाळावे

- फोन करणाऱ्याने दिलेल्या ‘दुसऱ्या’ नंबरवर पैसे परत पाठवू नका. चोरलेला पैसा फिरवण्याची ही जुनी युक्ती आहे. मूळ बळी तक्रार करतो, माग तुमच्या खात्यापर्यंत येतो आणि गोठते ते तुमचे खाते. पैसे बँकेमार्फत, आल्या वाटेनेच परत जाऊ द्या.
- तुमच्या मोबाइलवर ‘पैसे घेण्यासाठी पिन टाका’ असा संदेश आला तर पिन टाकू नका. तो पैसे द्यायचा व्यवहार असतो.
- ‘देवाने दिले’ म्हणून खर्च करू नका. कलम ७२ तुमच्यावरही लागू आहे.

८. पैसे पाठवण्याआधी

काय करावे

- नाव वाचा. १ एप्रिल २०२५ पासून एनईएफटी आणि आरटीजीएसने पैसे पाठवताना लाभार्थीचे बँकेतले नाव पाहण्याची सोय बँकांनी देणे बंधनकारक आहे, आणि तीही विनाशुल्क. यूपीआयवर ३० जून २०२५ पासून पाठवण्याआधी बँकेत नोंदलेले खरे नाव दिसायला हवे. तुम्ही मोबाइलमध्ये ‘मामा ठाणे’ असे जपलेले असले तरी पडद्यावर मामांचे बँकेतले नावच येते. ते वेगळे दिसले तर थांबा.
- मोठी रक्कम असेल तर आधी एक रुपया पाठवा आणि समोरच्याला फोन करून आला का ते विचारा. त्याने ‘हो’ म्हटल्याशिवाय उरलेली रक्कम सोडू नका. फ्लॅटचा हप्ता, कॉलेजची फी, लग्नाच्या हॉलचा इसार, सगळ्याला हाच नियम.
- खातेक्रमांक दोनदा टाकायला सांगितला तर दोन्ही वेळा हातानेच टाका आणि पासबुकाशी ताडून पाहा. पहिल्या जागेवरून कॉपी करून दुसऱ्या जागी चिकटवले तर चूकही दोनदा चिकटते.
- आयएफएससी ११ अक्षरांचा असतो. पहिली चार अक्षरे बँकेची, पाचवे शून्य, शेवटची सहा शाखेची. पाचव्या जागी ‘ओ’ अक्षर टाकण्याची चूक नेहमी होते.
- ज्याला पुन्हा पुन्हा पैसे पाठवायचे त्याला एकदाच नीट जोडा, आणि यादीतले जुने, न लागणारे लाभार्थी काढून टाका. यादीत दोन ‘सुनीता’ असतील तर पुढे गाव किंवा नाते लिहा.

काय टाळावे

- वर्षानुवर्षे न बोललेल्या माणसाच्या जुन्या नंबरवर पैसे पाठवू नका. बंद पडलेला नंबर कंपनी पुढे दुसऱ्याला देते. आधी फोन करा.
- भाजीवाल्याच्या गाडीवरचा क्यूआर घाईत स्कॅन करून रक्कम टाकू नका. आधी पडद्यावरचे नाव मोठ्याने वाचा, भाजीवाला ‘हो’ म्हणू दे, मगच पिन टाका. त्याच्या क्यूआरवर दुसऱ्याचा कागद चिकटवलेला असेल तर तेही तिथेच उघड होते आणि तुमच्यासोबत त्याचेही पैसे वाचतात.
- बोलता बोलता, गाडी चालवताना, रांगेत ढकलाढकलीत मोठी रक्कम पाठवू नका. नाव वाचायला दोन सेकंद लागतात. चुकलेल्या पैशांसाठी मात्र आठवडे, कधी महिनेही, बँकेत खेटे घालावे लागतात.